ग्रीस नको

परळीत थर्मलकडून वारा सुटला
की गॅरेजच्या पत्र्यावर राख बसते.
उस्ताद बोटानं रेघ ओढतात, बोटाचं टोक बघतात
आणि म्हणतात, "मुबीन, आधी कव्हर झाक."
राखेला ते कधी कधी चुकून बर्फ म्हणतात.
मी हसत नाही.

हवालदार वैजनाथ आघाव.
पलटणीच्या वर्कशॉपात सोळा वर्षं,
त्यातली दोन हिमनदीवर, स्नो-स्कूटरच्या क्लचपाशी.
पुढं घसरपाट्या, मागं रबरी पट्टा, चाक एकही नाही.
इथं कुणाला सांगितलं तर विचारतात,
"मग पंक्चर कशाचं काढायचे तुम्ही?"

पण आत सगळं तेच, उस्ताद म्हणतात
दांडेबाईंच्या स्कूटीचं पोट उघडताना.
दोन थाळ्या, मधे बेल्ट.
फेरे वाढले की वजनं बाहेर पळतात,
थाळी थाळीजवळ सरकते,
बेल्ट वर चढतो.
गिअर नाही. हुकूम द्यायला कुणी नाही.
"ज्याचं त्याला कळतं किती सरकायचं.
कळेना झालं की समज, बुश गेला."

रोलर तळहातावर घ्यायचा,
डोळे मिटून फिरवायचा.
एक जरी चपटा लागला तर सहाच्या सहा बदलायचे,
एकटा नवा घातला की तो जुन्यांशी भांडतो.
थाळी हलवून बघायची, खुळखुळली
तर गिऱ्हाईक काय म्हणतंय ते ऐकायचंच नाही.
बेल्टची रुंदी कॅलिपरनं मोजायची. नजर खोटं बोलते.
काळा भुगा हवेनं उडवायचा,
मग कोरडं फडकं.
आणि थाळीला ग्रीस—
इथं उस्तादांचा आवाज बदलतो.

एकदाच सांगितलं, चहा थंड झाल्यावर.
क्लच अडकायला लागला होता. संध्याकाळ. बोटं बधिर.
खोलून पुसायला अर्धा तास,
ग्रीसचं बोट फिरवायला अर्धं मिनिट.
सकाळी गाडी अशी पळाली
की साहेबानं पाठ थोपटली.
चौथ्या किलोमीटरला इंजिन नुसतं कोकलत राहिलं
आणि गाडी जागच्या जागी.
ग्रीसमध्ये भुगा कालवून त्याचं मेण झालेलं,
बेल्ट जळून दोऱ्या दोऱ्या.
मागच्या घसरगाडीवर रॉकेलचे डबे,
वर सहा माणसांची चौकी, वाट बघायलेली.
डबे पाठीवर मारून दोघं चालत निघाले,
हे आणि रावजी मोरखंडे.

"पोचलात?"
"पोचलो की."
मग बऱ्याच वेळानं,
पाना पुसत,
"त्याच्या पायाचे दोन अंगठे राहिले तिकडंच."

त्यानंतर जादाचा बेल्ट ते कोटाच्या आत ठेवायचे, छातीशी,
थंडीनं ताठू नये म्हणून.
अजूनही नवा बेल्ट आला की पाकीट फोडून
आधी हातात वाकवून बघतात.
बेचाळीस डिग्रीत.

आज उस्ताद नांदेडला गेलेत, पेन्शनच्या कागदासाठी.
मी एकटा.
एक जण आला, कपाळाला हळद,
"चालायलंय की, नुसतं जरा अडकायलंय.
ग्रीसचं बोट मार, दहा मिनटांत निघू दे."
मी कव्हर काढलं. रोलर घेतला. डोळे मिटले.
"उद्या संध्याकाळी मिळंल," म्हणालो.
तो माझ्या सात पिढ्यांची विचारपूस करत
समोरच्या गॅरेजला गेला
आणि दहा मिनटांत निघाला पण.
चौकापर्यंत गाडी गोड वाजली.

रात्री उस्तादांचा फोन.
"किती काम झालं?"
"काहीच नाही."
"बरं."
मग जरा थांबून, "कव्हर झाकलंस का?"
झाकलंय, म्हणालो,
आणि फोन ठेवून
झाकायला उठलो.